पुढे ढकललेला प्रसंग

'उंबरठा' आम्ही गेली पंधरा-सोळा वर्षे एम.ए.च्या वर्गाला शिकवत आलो आहोत. 'साहित्यकृतीचे माध्यमांतर' असा एक अभ्यासघटक आहे. शांता निसळ यांची 'बेघर' ही कादंबरी आणि तिच्यावरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेल यांनी १९८२ साली पडद्यावर आणलेला चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहायचे, अशी आमची रीत. आरंभी व्हीसीडी होती, पुढे प्रोजेक्टर आला. दोन जोडतासांत चित्रपट दाखवायचा आणि तिसऱ्या तासाला चर्चा. या सगळ्या वर्षांत एक गोष्ट मात्र न चुकता घडत आली. सुधारगृहाचा राजीनामा देऊन सुलभा महाजन घरी परतते, तिथे पोहोचलो की आमच्यापैकी एकजण पुढे होई आणि 'वेळ कमी आहे' असे म्हणत चित्रफीत काही मिनिटे पुढे ढकली.

२०२३ साली एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर विचारले, "मॅडम, तुम्ही दर वर्षी इथेच पुढे का नेता? मागच्या बॅचच्या ताईनेही सांगितलं होतं." मुलगी रोज तासभर एस.टी.ने येणारी, वर्गात फारशी न बोलणारी. तिने ग्रंथालयातून तबकडी नेऊन घरी तो भाग पाहिलाही होता. आम्ही काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आज आठवत नाही, आणि ते उत्तर खरे नव्हते एवढे मात्र पक्के आठवते.

या लेखातले 'आम्ही' हे लेखनातले आदरार्थी बहुवचन नव्हे. आम्ही खरोखरच दोघी आहोत. एकाच विभागात शिकवतो. २००८ पासून नऊ वर्षे तालुक्याच्या गावी एका भाड्याच्या खोलीत एकत्र राहिलो. स्टोव्ह एक, कपाट एक, आणि पुढेपुढे टिपणांची वहीदेखील एकच. आधी तासिका तत्त्वावर, मग कायम, असा आमच्या पिढीतल्या बहुतेकांचा प्रवास असतो, तोच आमचा. आमच्यापैकी एकीची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. ती सव्वादोनशे किलोमीटरवर आजीपाशी राहिली. शनिवारी रात्रीच्या गाडीने आई घरी पोहोचायची आणि रविवारी दुपारी परत निघायची. कितीतरी शनिवारी ती मुलगी दार उघडल्यावर आजीच्या पदरामागे जाऊन उभी राहत असे. आमच्यापैकी कोणाची मुलगी, हे इथे सांगत नाही. ओळखणारे ओळखतील. पण रिमोट दोघींपैकी कोणाच्याही हातात असला तरी तो प्रसंग पुढे जात असे, एवढे कबूल केले पाहिजे.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे आम्ही स्मिता पाटीलचे चित्रपट पुन्हा पाहायचे ठरवले. आठवतील तसे नव्हे, सालवार. २०२४ च्या जूनमध्ये 'मंथन'ची डागडुजी केलेली प्रत चित्रपटगृहांत आली होती. त्याच वर्षी ती कान महोत्सवातही दाखवली गेली. सुरुवात तिथून झाली आणि बाकीचे दिवाळीच्या सुटीत पाहिले. मुलगी आता अठरा वर्षांची होती, पुण्याहून सुटीला आलेली. तीही मधून मधून येऊन बसू लागली.

सालवार पाहण्याचा हट्ट का, तेही सांगायला हवे. आमच्या जुन्या टिपणांत स्मिता पाटीलवर दीड पान आहे. त्याचा आरंभ 'अकाली निधन' या शब्दांनी होतो आणि मध्ये 'अष्टपैलू' हे विशेषण येते. त्याखाली चौदा भूमिकांची यादी. म्हणजे शेवट आधी आणि कारकीर्द नंतर. तिचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, मृत्यू १३ डिसेंबर १९८६ चा. मुलाच्या जन्मानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी. त्या डिसेंबरात आम्ही दोघी पहिली-दुसरीत होतो. आमच्यापैकी एकीला एवढेच आठवते की वर्तमानपत्र हातात घेऊन आत्या ओट्यापाशी बराच वेळ उभी होती आणि दूध उतू गेले. पुढे तिला जे जे पाहिले ते त्या उतू गेलेल्या दुधाच्या वासातून पाहिले. प्रत्येक भूमिकेत आम्हाला आधीच शोकांतिका दिसे. चढत्या काळातली नटी म्हणून, उद्या कोणती भूमिका मिळेल याची वाट पाहणारी कामकरी स्त्री म्हणून, आम्ही तिला कधी पाहिलेच नव्हते. (तिचा उल्लेख 'त्या' असा करावा हे आम्हाला समजते, पण जमत नाही. आम्ही आता तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या आहोत.)

सालवार पाहू लागल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती तिच्या उमेदवारीची. मुंबई दूरदर्शन सुरू झाले १९७२ साली आणि थोड्याच दिवसांत ती तिथे मराठी बातम्या वाचू लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यापुढे बसत असे, ही आठवण अनेकांनी सांगितली आहे. अरुण खोपकर यांच्या चित्रपट संस्थेतल्या पदविकेसाठीच्या लघुपटात, 'तीव्र मध्यम'मध्ये, ती दिसते. 'सामना'त छोटी भूमिका आहे. मग श्याम बेनेगल यांचा 'चरणदास चोर', हबीब तन्वीर यांच्या छत्तीसगढी नाटकावरून मुलांसाठी केलेला. त्यात ती राजकन्या. 'निशांत'मध्ये जमीनदाराच्या धाकट्या भावाची बायको रुक्मिणी. या भूमिका लहान आहेत, काही ठिकाणी ती अवघडलेलीही आहे. 'चरणदास चोर'मध्ये तर नाचा परंपरेतल्या मुरलेल्या लोककलावंतांपुढे ती शहरी पाहुणी वाटते. आमच्या टिपणात हे कुठेच नव्हते. तिला काहीतरी येत नव्हते आणि ते तिने शिकून घेतले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे, असे आम्हाला कधी वाटले नव्हते.

'मंथन' १९७६ चा. गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन दोन रुपये घालून तो काढला, हे सर्वश्रुत आहे. मोठ्या पडद्यावर पाहताना आम्ही बिंदूकडे पाहत होतो. दुधाचा नमुना घ्यायला आलेल्या डॉक्टरला ती ज्या आवाजात बोलते, त्यात शहरी माणसाविषयीचा संशय आहे, थोडी थट्टा आहे आणि आपल्या म्हशीविषयीचा अभिमान आहे. पुढे तिच्या मनात त्या माणसाविषयी काही उमलते आणि त्याचा उच्चार न होता ते मिटते. तिच्याच अंगठ्याचा ठसा त्याच्याविरुद्धच्या खोट्या तक्रारीवर उमटवला जातो. इथे दुसरी एखादी नटी प्रेक्षकाकडे वळून पाहती: बघा, माझा नाइलाज आहे. स्मिता तसे पाहत नाही. बिंदू वाईट वागली आहे आणि तिला ते माहीत आहे, एवढेच तिच्या चेहऱ्यावर आहे. चित्रपटगृहातून बाहेर पडताना आम्ही याविषयी एकमेकींशी बोललो नाही. पण दोघींच्याही मनात एकच धागा सुरू झाला होता, हे नंतर कळले.

मग 'भूमिका' पाहिला. १९७७. मराठीच्या विद्यार्थ्यांना हे सांगायला नको की तो हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला आहे आणि त्या आत्मकथनाचे नाव अनंत माने यांच्या १९५९ च्या गाजलेल्या तमाशापटावरून आले आहे. ते पुस्तक १९७० चे. अरुण साधू यांनी शब्दांकन केले. आम्ही ते नेहमी 'स्त्री-आत्मकथन' या प्रकरणात शिकवले आणि तिथे आमच्या हातून एक चूक होत आली. हंसाबाईंच्या आयुष्यात इतके काही घडले आहे की शिकवताना आपण नकळत त्यांची बाजू मांडू लागतो. परिस्थिती अशी होती, नवरा असा होता, काळ तसा होता. वकिली सुरू होते. वास्तविक पुस्तकातल्या बाईने वकील नेमलेलाच नाही. दारू प्यायले ते सांगितले, घर सोडून गेले ते सांगितले, कोणाबरोबर गेले तेही सांगितले. सांगण्याचा सूर सरळ, किंचित घाईचा. आपल्याला समजून घ्यावे अशी विनवणी त्यात शोधली तरी सापडत नाही.

स्मिता तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची होती. तिला उषाचे तरुण वय, मधले वय आणि पोक्तपण असे सगळे करायचे होते, शिवाय चित्रपटातल्या चित्रपटांतल्या नायिकाही. केवळ तांत्रिकदृष्ट्या पाहिले तरी ही भूमिका अवघड. पोक्तपण प्रत्येक ठिकाणी साधलेले नाही. पन्नाशीकडे झुकलेली बाई बसते तशी ती बसत नाही, हे आता आमच्या वयाला लगेच दिसते. परंतु हंसाबाईंचा तो सूर तिला सापडला आहे. केशव दळवीशी लग्न करण्याचा हट्ट, त्याच्याविषयीचा तिरस्कार, सुनील वर्माबरोबरचा थोडा बालिश, थोडा मरणाशी खेळणारा प्रसंग, आणि विनायक काळेच्या वाड्यातले दिवस. त्या वाड्यात ती मनापासून गृहिणी होते. पलंगावर खिळलेल्या पहिल्या बायकोची शुश्रूषा करते, सासूची मर्जी सांभाळते. आणि एक दिवस तिला समजते की इथला उंबरठा ओलांडण्याची परवानगी तिला नाही. सुटकेसाठी तिला त्याच नवऱ्याला बोलवावे लागते, ज्याला सोडून ती आली. ही नामुष्की स्मिताने ज्या तऱ्हेने केली आहे ती आम्ही तीनदा मागे नेऊन पाहिली. ती मान खाली घालत नाही. वरही करत नाही. निघते.

शेवटी मुलगी म्हणते, माझ्याकडे राहायला ये, आणि उषा नको म्हणते. इथे आमच्याकडे खोलीत एक लहानसा आवाज झाला. मुलगी शेंगा सोलत बसली होती, ती थांबली होती. मग तिने विचारले, "ही का जात नाही तिच्याकडे?" आम्ही दोघीही प्राध्यापिका, अशा प्रश्नावर एक तासाचे उत्तर देण्याची आमची तयारी असते. त्या दिवशी दिले नाही.

या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरा मिळाला 'चक्र'साठी, रवींद्र धर्मराज यांच्या. जयवंत दळवींची 'चक्र' ही कादंबरी १९६३ ची, चित्रपट १९८१ मध्ये लागला. झोपडपट्टीतली अम्मा, तिचा वाढता मुलगा, एक ट्रक ड्रायव्हर आणि एक लुक्का. चित्रपट आला तेव्हा उघड्यावर आंघोळ करणाऱ्या अम्माचे चित्र भिंतीभिंतींवर लागले. चित्रपटात तो दिनक्रमातला एक क्षण आहे, पाणी मिळाले म्हणून अंग धुण्याचा. जाहिरातीने तेवढाच कापून बाहेर लटकवला. माध्यमांतर शिकवताना कादंबरी आणि चित्रपट यांच्यावरच आपण थांबतो. भित्तिपत्रक हेही माध्यमांतरच आहे आणि त्यावर तास घ्यायला हवा. स्मिताच्या बाबतीत तर हवाच, कारण समांतर चित्रपटात मिळवलेली प्रतिष्ठा बाजार कसा वापरतो, हे तिला तिथे भिंतीवर लिहिलेले दिसले असणार.

मराठीच्या अभ्यासकाने एक गोष्ट नोंदवून ठेवावी अशी आहे. ही मुलगी पुण्यात जन्मलेली, वडील राजकारणात, आई समाजकार्यात. साहित्याची पदवी घेऊन ती चित्रपटात आली असे काही नाही. पण तिच्या कारकिर्दीतल्या कळीच्या भूमिका काढल्या तर आपला अर्धा अभ्यासक्रम हाती येतो. हंसा वाडकर, दळवी, शांता निसळ. गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत'वरचा चित्रपट, त्यातली ठाकरवाडीतली चिंधी. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरचा 'अर्धसत्य'. त्या चित्रपटात ती ज्योत्स्ना गोखले आहे आणि ज्योत्स्ना महाविद्यालयात प्राध्यापिका आहे. आमच्या व्यवसायातली ती एकमेव स्मिता, म्हणून आम्ही फार आशेने पाहू लागलो. तिच्याजवळच्या पुस्तकातली दिलीप चित्रे यांची कविता ओम पुरी वाचतो आणि वाचता वाचता त्याचा आवाज बदलत जातो. त्या प्रसंगात ती फक्त ऐकते. ऐकणे किती अवघड असते हे तासाला चाळीस चेहऱ्यांपुढे उभे राहणाऱ्याला विचारावे. बाकी चित्रपटात मात्र ज्योत्स्नाला फारसे काही करायला नाही. पटकथेचे सारे लक्ष त्या फौजदाराकडे आहे, आणि ते योग्यही आहे. तरी आमची थोडी निराशा झाली, हे सांगून टाकतो.

'जैत रे जैत'विषयी थोडे अधिक. मुलीने मध्येच विचारले होते, "ही कुठे हसते का नाही?" म्हणून सालाचा क्रम मोडून तो त्या रात्री लावला. चिंधी नवऱ्याला सोडून आली आहे आणि त्याबद्दल ती कोणाला काही समजावून सांगत बसत नाही. तिला नाग्या हवा, तर हवा. तिच्या चालण्यात डोंगराची सवय आहे. टाचा आधी टेकत नाहीत, पाऊल पसरून पडते. आम्ही दोघी खेड्यांत वाढलो, त्यामुळे अशा भूमिकांत शहरी नटी पावले कशी टाकतात हे आम्हाला खटकते. इथे खटकले नाही. ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांनी भारलेल्या त्या चित्रपटात चिंधी खरोखरच मनमुराद हसते. शेवट कसा होतो ते मुलीला माहीत नव्हते. मधमाश्यांच्या प्रसंगानंतर ती उठून आत गेली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली की तुम्ही हसणारी दाखवा म्हटल्यावर मारणारीच दाखवलीत.

तिच्या बाकीच्या वाटचालीविषयी सगळेच सांगत बसत नाही. मृणाल सेन यांच्या 'अकालेर संधाने'त ती स्वतःच्याच नावाने आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर चित्रपट काढायला खेड्यात गेलेल्या चमूतली नटी. निरनिराळ्या काळांतल्या उपासमारीची छायाचित्रे पुढे धरून ती कोणत्या सालची हे ओळखण्याचा एक खेळ त्यात आहे, आणि तो खेळ हळूहळू खेळ राहत नाही. सत्यजित राय यांची 'सद्गती' प्रेमचंदांच्या कथेवरची; तिथे झुरियाचा आक्रोश. केतन मेहतांची गुजराती 'भवनी भवाई'. अरविंदन यांचा मल्याळम 'चिदंबरम' १९८५ चा. त्यात डोंगरातल्या सरकारी गोपालन केंद्रावर लग्न होऊन आलेली शिवकामी जवळजवळ बोलतच नाही. आपली भाषा काढून घेतल्यावर नटाजवळ काय उरते याचा धडा म्हणून हा चित्रपट वर्गात दाखवावा असा विचार आहे.

आणि दुसऱ्या बाजूला 'नमक हलाल', 'शक्ती'. दोन्ही १९८२ चे, म्हणजे 'उंबरठा'च्याच सालचे. या चित्रपटांविषयी आम्ही वर्गात एक विशिष्ट ओठ दुमडून बोलत असू. नाइलाजाने केलेली कामे, पैशासाठी पत्करलेली तडजोड, वगैरे. यंदा पाहताना त्या दुमडलेल्या ओठांची लाज वाटली. तासिका तत्त्वावर तीन गावांत तास घेणाऱ्यांनी दुसऱ्याच्या तडजोडीला नावे ठेवावीत हे जरा विनोदीच होते. चित्रपट म्हणून त्यांत तिला वाव नाही, हे खरे. नाचगाण्यात ती सहज नाही. शरीर कामाला नकार देत नाही, पण त्यात रमतही नाही. 'अर्थ'मधली कविता सन्याल मात्र वेगळी अडचण आहे. त्या भूमिकेत ती दुसरी बाई आहे, मनाने खचत जाणारी. लेखनानेच तिला प्रेक्षकांच्या दयेच्या दारात आणून उभे केले आहे. कित्येक समीक्षकांनी या कामाची वाखाणणी केली. आमचे मत जरा निराळे आहे. दया मागणे तिला जमत नाही, म्हणून तिथे आवाज चढतो. ज्या प्रसंगांत ती गप्प आहे तिथे ती अधिक खरी वाटते.

आता 'उंबरठा'. कादंबरीचे नाव 'बेघर', चित्रपटाचे 'उंबरठा'. एकीकडे काय गेले त्याचे नाव, दुसरीकडे जिथून पाऊल टाकले त्या जागेचे. हा मुद्दा आम्ही दर वर्षी फळ्यावर लिहितो आणि परीक्षेत तो दर वर्षी उत्तरपत्रिकांत परत येतो. वकिलाची बायको, खात्यापित्या घरची सून, समाजकार्याचे शिक्षण घेतलेली सुलभा संगमवाडीच्या महिला सुधारगृहाची अधीक्षिका म्हणून जाते. लहान मुलीला घरी जावेपाशी ठेवते. सुधारगृहातले प्रश्न, कार्यकारी समितीशी झगडा, राजीनामा. ती परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते, आणि मुलगी जावेची झालेली असते.

आम्ही तो प्रसंग दिवाळीत, पाडव्याच्या आदल्या रात्री, प्रथमच सलग पाहिला. पंधरा वर्षे आम्हाला वाटत होते की तिथे फार मोठे काहीतरी आहे, आपल्याला सोसवणार नाही असे. ते तिथे नाही. स्मिता रडून कोसळत नाही. मुलीला ओढून छातीशी धरत नाही. जे झाले आहे ते तिला दिसते आणि ते तिला दिसले आहे हे आपल्याला दिसते. तिच्या चेहऱ्यावर अपराधीपणा आम्ही शोधत होतो, तो तिथे नव्हता. दुःख होते. ही दोन वेगळी असू शकतात, हे आमच्यापैकी एकीला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, आपल्याच खोलीत, एका चित्रपटावरून समजावे, याचे हसूही आले आणि रागही आला. राग कोणाचा ते नीट सांगता येणार नाही. एवढी वर्षे आम्ही वर्गात सुलभाची बाजू मांडत होतो. ती बरोबर होती, तिचा निर्णय समर्थनीय होता, अशी तीस तीस ओळींची उत्तरे लिहून घेत होतो. आणि स्मिताने ती भूमिका करताना असे काही मागितलेच नव्हते.

बिंदू, उषा, चिंधी, सुलभा. तिला अष्टपैलू म्हणायचे तर आता आम्ही याच अर्थाने म्हणू: प्रत्येकीचे क्षमा न मागणे वेगळे आहे. बिंदूचे कडवट, उषाचे थकलेले, चिंधीचे हसरे आणि सुलभाचे सुशिक्षित, थोडे ताठ. आमच्या टिपणातली चौदा नावांची यादी खोडलेली नाही, मात्र तिच्या बाजूला पेन्सिलीने हे लिहिले आहे.

चित्रपट संपला. सुलभा पुन्हा घराबाहेर पडली. आम्ही मुलीकडे न पाहता तबकडी काढण्यात गुंतलो. ती काय बोलेल याची आमच्यापैकी एकीला इतकी धास्ती होती की दुसरीने उगीचच चहाचे विचारले. मुलगी म्हणाली, "मला त्या काकूचं वाईट वाटलं."

कोणत्या काकूचे, हे लक्षात यायला क्षणभर लागला. ती जावेविषयी बोलत होती. स्वतःचे मूल नसलेली ती बाई मुलीला वाढवते आणि एक दिवस खरी आई दारात उभी राहते. "तिला काय वाटलं असेल, ही परत आली तेव्हा? तिच्यावर कुणी लिहिलं का?"

आम्ही लिहिलेले नाही. कादंबरी आणि चित्रपट यांच्या तुलनेची आमची टिपणे सव्वीस पानांची आहेत आणि त्यांत जावेवर दोन ओळी आहेत, त्याही 'पारंपरिक स्त्रीचे प्रतिनिधित्व' या शीर्षकाखाली. मुलीने मग उठून गॅलरीत जाऊन आजीला फोन लावला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आजी झोपली होती, दचकून उठली, काय झालं म्हणून घाबरली. काही नाही, असाच केला, असे ही सांगत होती. पुढचे आम्हाला ऐकू आले नाही आणि आम्ही ऐकण्याचा प्रयत्नही केला नाही.

सुटीचा शेवटचा चित्रपट 'मिर्च मसाला' होता. तो लागला १९८७ मध्ये, ती गेल्यानंतर. सोनबाई हातात विळा घेऊन उभी आहे, कारखान्याच्या बाया मिरचीची पूड उधळतात, सगळे लाल होते. मुलगी त्याच्या मध्यावरच बॅग भरायला उठली. सकाळची गाडी होती.

यंदाच्या वर्गाला 'उंबरठा' संपूर्ण दाखवला. रिमोट कपाटात ठेवला होता. त्या प्रसंगाच्या वेळी वर्गात विशेष काही घडले नाही. दोघेजण मोबाइलमध्ये होते, एक मुलगी वहीत काही लिहीत होती. तिसऱ्या तासाच्या चर्चेला आम्ही जावेवर प्रश्न घातला आणि त्यावर मुले अनपेक्षितपणे बोलली, मुलग्यांसह. कित्येकांच्या घरी अशी एक काकू किंवा आत्या निघाली. ज्या मुलीने २०२३ मध्ये तो प्रश्न विचारला ती आता एका शाळेत शिकवते. तिला कळवायचे राहून गेले आहे.

आमच्या मुलीने पुण्याला जाताना 'सांगत्ये ऐका'ची प्रत बरोबर नेली. वाचते आहे की नाही, विचारलेले नाही. प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची आहे, आमच्या नावावर आहे, आणि तिच्यावर दंड चढतो आहे.